सुखवंताबाईंनी डिस्क बदलली

बिरसीच्या सुखवंताबाई रहांगडाले शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांना एक नाद लागला. गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडून पोवारी बोलीतली लग्नगाणी रेकॉर्ड करायची. नऊ वर्षांत दोनशेवर गाणी त्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये साठली. त्यातल्या कित्येक गाणाऱ्या आता राहिल्या नव्हत्या.

यंदा लॅपटॉप इतका मंदावला की एक गाणं उघडायला दहा मिनिटं लागू लागली. गोंदियाच्या दुकानदारानं उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, नया ले लो. इसकी हार्ड डिस्क गई समझो."

"मग डिस्कच द्या. मी बदलीन."

तो हसला, पण बाई नवी डिस्क, ती बाहेरून जोडायची डबी आणि स्क्रू काढायचा बारीक पेचकस घेऊनच घरी आल्या. मोबाइलवर व्हिडिओ तीनदा पाहून त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

आधी जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर घ्यायचं होतं. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे लाइन जाऊन चालणार नव्हतं. सकाळी काम लावलं. अर्ध्यावर आलं आणि यजमान ग्यानीरामांनी धानासाठी घरामागची मोटर चालू केली. भार पडून फट्कन घरातली लाइन गेली.

"अवो, मोटर कायले लावली?" बाई ओरडल्याच.

"बांधीत पाणी नाही, तं का करू?" ग्यानीराम तणतणत आत आले. बाईंचा चेहरा पाहून त्यांचा आवाज उतरला. "गाणे गेले का?"

"जुनीवर आहेत. पण आता पुन्हा पहिल्यापासून करा."

"कर मंग. आज मोटर बंद."

ते मीटरखाली खुर्ची टाकून बसले. शेजारचे कवडूभाऊ म्हणाले, "काऊन, पहारा देऊन राहिले का?"

"हो. बाईचं काम चालू आहे."

चारच्या सुमारास सगळं उतरलं. बाईंनी मागचं झाकण उघडलं, स्क्रू वाटीत ठेवले. जुनी डिस्क काही निघेना. "जोर नोको लावू, बाजूले सरकव," ग्यानीराम म्हणाले. सरकवताच ती सुटली. नवी बसली. बटन दाबलं आणि घोटभर पाणी पिऊन होत नाही तोच पडदा उजळला.

बाईंनी हाताला आलेलं पहिलंच गाणं लावलं. आवाज रुख्मामावशीचा, ग्यानीरामांच्या मावशीचा. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. गाता गाता मावशीला ठसका लागला आणि ती म्हणाली, "पुरे वं, गळा बसला माहा."

ग्यानीराम खळखळून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "हे तू कवा घेतलं होतं?"

"तुम्ही कधी विचारलं का?"

"ऐकव मंग सगळे."

पुढच्या आठवड्यात कोहमाऱ्याच्या एका आजींकडे जायचं ठरलं, तेव्हा गाडी ग्यानीरामांनीच काढली.