उजवं दार

"म्हण, माज्या हातनं चुकलं."

मालकानं मला हे गिऱ्हाइकासमोर सांगितलं. पिरंगुटच्या रस्त्याला लागूनच आमचं गॅरेज. समोर एक पांढरी गाडी. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पुढच्या दोन्ही दारांचे पोचे काढून, पुट्टी भरून, रंग मारून दिला होता. आता उजव्या दाराला भेगा पडल्या होत्या.

ते दार मी केलं नव्हतं. मालकाच्या भाच्यानं केलं होतं.

त्या भाच्यावर मी जळायचो. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं मी पत्रा ठोकतोय, पुट्टी घासतोय. डोळे मिटून तळवा फिरवला की केसाएवढा खड्डाही मला कळतो. तो आला गेल्या दिवाळीत. आल्या आल्या 'मिस्त्री' झाला. मला अजून 'ए'. तयार गाडीपुढं नारळ फोडायचा आणि मिस्त्रीनं गिऱ्हाइकाच्या हातात चावी द्यायची, ही गॅरेजची रीत. चावी तोच द्यायचा. "तू मागं थांब, पूजेचं हाय," मालक मला म्हणायचा. मी बौद्धवाड्यातला, पुढचं त्यानं बोलायची गरजच नव्हती. त्या चावीसाठी माझा जीव तुटायचा. घरी बायकोच्या हातात आमच्या जुन्या स्कूटरची चावी ठेवून बघायचो. सांगायला लाज वाटते.

पुट्टी लवकर सुकावी म्हणून भाच्यानं घाईत तिच्यात हार्डनर जास्त पिळला होता. "फुटंल ही," मी म्हणालो होतो. "तू तुजं बग," तो म्हणाला. मग मीही गप्प बसलो. फुटू दे, असंच वाटलं मला.

फुटली. आणि मालकाचं बोट माझ्याकडं.

"म्हण की. काय झिजतंय तुजं?"

गाडी महाळुंग्याच्या एका बाईंची होती. मी त्यांना म्हणालो, "मॅडम, डाव्या दारावरनं हात फिरवा. ते माजं काम हाय. उजवं ह्याचं." मी शेजारी उभ्या भाच्याकडं बोट केलं.

बाईंनी दोनदा हात फिरवला. "इथे नक्की कुठे लागलं होतं?" त्यांनी विचारलं. त्यांना जागा सापडेना.

मालक लालबुंद झाला. "लई बोलाय लागला. गप ते खरवड आन परत भर."

"भरतो. पन चावी मी देनार."

भाचा हसला. मालक म्हणाला, "तुजी पायरी बगून बोल."

मी घासायचा कागद बादलीत टाकला. हात धुतले. निघालो.

चार दिवस झाले. दार तसंच आहे म्हणे. मालकाचे तीन फोन येऊन गेले. भाच्यावर मी अजूनही जळतो. पण ज्या गाडीची चावी माझ्या हातून दिली जाणार नाही, तिच्या पत्र्याला माझा तळवा लागणार नाही.