ससेकाकीची गेलेली माणसं

धामापूरच्या ससेकाकीच्या घरात माणूस म्हणून ती एकटीच. पण अंगणात पाऊल टाकलं की भरल्या घरासारख्या हाका ऐकू यायच्या. "गजानना, पालो संपव रे! शालिनी, भायर ये गो!" गजानन तिचा मुलगा, बोटीवर नोकरीला. शालिनी तिची जाऊ, मुंबईला गेलेली. दोघंही परत फिरकली नव्हती. हाका असायच्या पिंजऱ्यातल्या सशांना.

"जो गेलो नि परत येवक नाय, तेचाच नाव सशाक ठेवतंय," ती सांगायची. "तेवढीच हाक मारूची सवय रवता."

दोन हजार पाचच्या सुमारास मी संशोधनासाठी सशांचे नमुने गोळा करत होते. कानाच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यातली जनुकं वाचायची आणि गावोगावचे ससे एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते बघायचं. मी नळ्यांवर नंबर घालायला लागले, तर काकी भडकली. "नंबर कित्याक गो? ते काय कैदी आसत?" शेवटी माझ्या नळ्या 'गजानन', 'शालिनी' अशा नावांनीच पुण्याला गेल्या. आमचे सर आठवडाभर हसत होते.

सशांच्या कानाला तिनं कात्री लावू दिली ती एकाच आशेनं. दोन वर्षं तिच्याकडे पिल्लं जगत नव्हती. सकाळी घरट्यात थंड पडलेली सापडायची, आणि ती त्यांना एकेक करून माडाच्या मुळाशी पुरायची.

निकाल आले. तारकर्ली, तोंडवली आणि काकीचं घर, सगळीकडचे ससे जवळजवळ एकसारखे! मला वाटलं, माझ्याच हातून नळ्यांची सरमिसळ झाली. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. मग जे आधीच विचारायला हवं होतं, ते विचारत गावं फिरले: ससे आणले कुठून? जिथं तिथं एकच उत्तर, "काकीन लग्नात दिल्यान." सासरी जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हाती ती सशांची जोडी द्यायची. गजानन सुट्टीत घरी यायचा त्या काळात त्यानं आणलेल्या एकाच जोडप्याची ही सारी प्रजा. नात्यातल्या नात्यात वीण होऊन वंश कमजोर झाला होता.

"मगे सगळे माझेच?" काकीचा चेहरा फुलला. मग ती हळूच म्हणाली, "तालुकोभर गोतावळो, आणि घरात बोलूक कोण नाय."

उपाय साधा होता, लांबचा नर आणायचा. कोल्हापूरहून मी आणते म्हटलं.

"नक्की येशीत मा गो, सुमन?"

"पुढच्याच महिन्यात, काकी."

मग प्रबंध आला, नोकरी आली. शेजारणीकडून लिहवून घेतलेली काकीची दोन पत्रंही आली. दोन्ही वेळा मी 'येते' म्हणून कळवलं. सांगायला लाज वाटते, पण दीड वर्ष गेलं.

नर टोपलीत घालून पोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. काकी श्रावणात गेली, शेजारणीनं सांगितलं. तिच्या पडवीत काकीचा एकच पिंजरा होता आणि त्यात एकच मादी. शेवटच्या विणीतली एकटी जगलेली.

मी तिचं नाव विचारलं. शेजारीण घुटमळली.

"सुमन," ती म्हणाली. "खूप दिवस बिननावाचीच होती. तुझी वाट बघून बघून मगे ठेवल्यान."