तू फक्त उभी राहा

"तू फक्त उभी राहा. वाचायचं मी बघते."

असं म्हणून मराठी मंडळाच्या मृणालताईंनी माझ्या हातातले कागद काढून घेतले. कॅनडात, स्कारबरोतल्या एका शाळेचा हॉल, भाड्याने घेतलेला. खच्चून भरलेला. सगळी मराठी माणसं. पावसाळ्यात गावाकडे दरडीत गेलेल्यांसाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम. स्टेजवर समई, मागे पडद्यावर हिरव्यागार डोंगराचा फोटो. तो आमचा डोंगर नव्हता. कुठलातरी होता.

"पण लिहिलंय मी," मी म्हणाले.

"हो गं. पण तुझे उच्चार... लोकांना कळायला नको का? मी भाषा जरा शुद्ध करून घेतलीय. तू शेजारी उभी राहा. इफेक्ट येतो."

मी चव्वेचाळीस वर्षांची. त्याही तेवढ्याच. मंडळातल्या बाकी बायकांना त्या 'अहो' म्हणायच्या, मला पहिल्या फोनपासून 'तू'. त्याच फोनवर त्यांनी विचारलं होतं, "वाडी म्हणजे कुठली वाडी?" मी म्हणाले, "बौद्धवाडी." "अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी विषय बदलला.

मी उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना.

आमच्या वाडीवर दरड आली तेव्हा तिकडे रात्र होती, इकडे भर दुपार. मी इथे म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये काम करते. एका आजोबांना सूप भरवत होते. एप्रनच्या खिशात फोन थरथरला. चुलत बहीण सुनंदा. नुसती ओरडत होती. "ताय, घर न्हाय. ताय, घरच न्हाय." मी चमचा खाली ठेवला नाही. आजोबांनी तोंड उघडलं होतं. मी भरवलं. आज आठवलं की माझीच मला भीती वाटते.

घरात पाच माणसं होती. आये. धाकटा भाऊ संजय. त्याची बायको वनिता. त्यांचा तीन वर्षांचा आर्यन. आणि माझी सोनल. अकरा वर्षांची. नवरा सोडून गेल्यावर मी तिला आयेजवळ ठेवून इकडे आले होते. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, झाला की तिला आणायचं, असं ठरलेलं. तिच्या मापाचा विंटर कोट सेलमध्ये घेऊन ठेवला होता.

जाता आलं नाही. परमिटचे कागद अडकलेले, गेले असते तर परत येता आलं नसतं. सोनल तिसऱ्या दिवशी सापडली. सुनंदाने व्हिडिओ कॉल लावला. मीच म्हणाले, "कॅमेरा फिरव." लेकीचं तोंड मी बघितलं नाही. आर्यन सापडलाच नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मी कामावर गेले. बेसमेंटच्या खोलीत बसून तरी काय करणार? आमच्या कामात शिफ्ट संपताना प्रत्येक म्हाताऱ्याचं चार्टिंग करावं लागतं. नाश्ता अर्धा खाल्ला. अंघोळीला नकार. दुपारी झोप. मूड शांत. अनोळखी माणसांचं मी सगळं लिहीत होते. एका दिवशी लिहिता लिहिता थांबले. माझ्या आयेने मरायच्या दिवशी काय खाल्लं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. वाडीतल्या कुणाचं कधीच कुणी लिहिलेलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी वही काढली. लिहिलं: आये. वय सहासष्टच्या आसपास. उजव्या कानाने कमी ऐकू. चहात मीठ चिमूटभर. मग: सोनल. वय अकरा. भाकरीचा पापुद्रा आधी खायची. झोपेत दात खायची. गणितात हुशार, पण ओरडा बसला की पाढे विसरायची.

त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. लोकांसमोर, स्टाफरूममध्ये, मायक्रोवेव्हशेजारी. मग मी रोज लिहीत गेले. लिहिलं की त्या दिवशी जेवण जायचं. एवढंच. पण तेवढ्यावर मी जगले.

त्यातली आठ पानं मी मंडळाला दिली होती.

मृणालताईंनी माईक ओढला. आवाज गोड, थरथरता. "निसर्गाच्या कुशीत वसलेलं आमचं टुमदार गाव..."

मी हे लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं, आमची वाडी गावाच्या बाहेर, कड्याच्या खाली. आये पुढच्या ओळीत 'माझी माउली' झाली. चहातलं मीठ गेलं. मग त्यांनी वाचलं, "निसर्गाच्या कोपात मी माझे आप्तस्वकीय गमावले." आणि पान उलटलं.

पाच नावं. एका शब्दात गाडली.

समोरच्या रांगेत एक बाई डोळे टिपत होती. माझ्याकडे बघून. मी माईककडे गेले.

"कागद द्या."

"अगं, नंतर बोलू. सीन नको प्लीज."

"मृणाल, बाजूला हो."

माझ्या तोंडून तिचं नुसतं नाव निघालं. ती खरंच बाजूला झाली. कागदाची गरज नव्हती, मला सगळं पाठ होतं. मी माझ्या बोलीत बोलले. नावं घेतली. आये म्हणजे द्रौपदी. संजय. वनिता. आर्यन. सोनल. सोनलचं नाव मी दोनदा घेतलं. मग म्हणाले, "गावाची घरं सपाटीवर हायत. त्यांच्यातल्या एकाची भिंतबी पडली न्हाय. आमची वाडी कड्याखाली. ती जागा आमी निवडली न्हाय. दोनदा सपाटीवर जागा मागितली. गाववाले शेजार नको म्हणाले."

मागून एक गृहस्थ उठले. "इथे कॅनडात कशाला आणता हे जातीचं?"

मी म्हणाले, "माझी लेक कॅनडात न्हाय मेली."

मी स्टेजवरून उतरून बाहेर आले. मला आणणाऱ्या जोडप्याची गाडी कधीच निघून गेली होती. बर्फ पडत होता. मी बसस्टॉपवर उभी राहिले. धीट वगैरे वाटत नव्हतं. भीती वाटत होती. इथे आपलं म्हणून हीच चार माणसं होती, तीही गेली.

मंडळाच्या अंकात माझ्या नावावर ते टुमदार गाव छापून आलं. मी पत्र लिहिलं: हे मी लिहिलेलं नाही, माझं नाव काढा. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर वेबसाइटवरच्या अंकातून नाव निघालं. माफी आली नाही. मी मागितलीही नव्हती.

वाडीतली वाचलेली माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. पुनर्वसनाची जागा सुचवलीय, तीही उताराखालीच. सपाटीवर गावाची पुन्हा तीच हरकत. आता मी दर रविवारी सकाळी एकेकाला फोन लावते. कोण कुठे झोपलं होतं, किती वेळा अर्ज केला, कुणी काय उत्तर दिलं, सगळं उतरवून घेते. अर्जही मीच लिहिते. सुनंदा तो कचेरीत नेऊन देते, पोच घेते.

परवा ती वैतागून म्हणाली, "ताय, तू तिकडून लिवून काय व्हनार हाय?"

मी म्हणाले, "दरड डोंगराची होती. तिच्याखाली आपल्याला कुणी बसवलं, ते लिहितेय. एकेकाचं नाव घालून. आता पुढचं सांग, हरकतीच्या कागदावर पहिली सही कुणाची हाय?"