फिकं लाल
परवा नव्या चादरीची घडी मोडली, कोऱ्या सुताचा वास आला आणि ती दुकानातली दुपार आठवली. तेव्हा मला मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा पहिला झटका येऊन ओसरला होता. डाव्या डोळ्याची नजर बरीचशी परतली होती, पण त्या डोळ्याला लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. ‘आजार सौम्य आहे, पुढची वर्षं बहुधा नीट जातील, पण खात्री देता येत नाही,’ असं डॉक्टर म्हणाले होते. मला मोघम उत्तर चालत नाही. ‘बहुधा म्हणजे शंभरात किती?’ असं मी विचारूनही पाहिलं होतं. भावाच्या लग्नाच्या आहेरासाठी चादरी घ्यायला आई मंगळवेढ्याहून माझ्याकडे आली होती. दुकानदाराने लालभडक चादर पसरली. मी एकदा उजवा डोळा झाकून पाहिलं, एकदा डावा. ‘काय चाललंय गं?’ आईने विचारलं. ‘या डोळ्याला फिकी दिसते. कायमचं असंच राहिलं तर?’ बोलता बोलता मी रडायला लागले. आईने पदराने आपला एक डोळा झाकला, चादर निरखून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, ‘व्हय की, लई फिकी हाय. दुसरी काढा.’ तो बिचारा चादर उचलून उजेडात धावला आणि मला रडता रडता हसू फुटलं. आज मी चालते-फिरते, घर सांभाळते. डॉक्टरांचं ‘बहुधा’ माझ्यापुरतं तरी खरं ठरत आलं आहे. डाव्या डोळ्याचं लाल मात्र फिकंच राहिलं. त्याची मला सवय झाली. माझ्यासोबत एक डोळा झाकून बघणारी आई आता नाही, त्याची सवय होत नाही.