चणे पडद्यावर नव्हते

मित्रांनो, आज फार थकलोय.

सेलूजवळच्या आमच्या शाळेत चौथीला डिजिटल फळ्यावर 'काय तरंगतं, काय बुडतं' शिकवत होतो. आधी अंदाज सांगायचा, मग बोटानं वस्तू पडद्यावरच्या पाण्यात सोडायची; बरोबर आलं की फळा टाळ्या वाजवतो. पण विचार कोण करतो! त्या टाळ्या वाजेपर्यंत पोरं नुसती बोटं मारत होती. ओरडून माझा घसा बसला.

तेवढ्यात आरती उठली. "सर, माही माय चणे भिजू घालते तवा काही बुडते, काही वरतं येते. एकाच डब्यातले! असं काऊन?"

मी म्हणालो, "चणे यात नाहीत. बस खाली."

वर्षभर ज्या 'काऊन'ची वाट पाहिली, त्यालाच मी खाली बसवलं.

उद्या चणे नेणार आहे. पण ती पुन्हा विचारेल का?