वीक म्हैस

काल महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईची नाडी पाहिली आणि मला म्हणाले, "आजी फार वीक आहेत." तो शब्द ऐकला आणि मला पोलादपूरकडच्या आमच्या गोठ्यातल्या ओल्या पेंढ्याचा वास आला.

मी तेव्हा पाचवीत होते, इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. आमची चंद्री म्हैस व्यायल्यापासून उठत नव्हती. गुरांच्या डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "वीक, बाई. फारच वीक."

आई चंद्रीच्या आडवी उभी राहिली. "का म्हणून विकू? तुमाला औषधाला बोलावलाय, दलालीला नाय!"

"अहो, वीक म्हणतोय मी, वीक!"

"परत तेच!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आये, वीक म्हंजे अशक्त गो."

"मग अशक्त म्हना ना," आई डॉक्टरांना म्हणाली. "अशक्ताला खायाला घालू आमी." आणि ती तडक पेज शिजवायला गेली. डॉक्टरांची औषधं आणि आईची पेज चालू राहिली, आठवड्याने चंद्री उठली.

आईच्या अडाणीपणाची तेव्हा मला लाज वाटली होती. आता त्या गोठ्यात तिच्याइतकं शहाणं कुणी दिसत नाही.

काल डॉक्टरांचा शब्द तिनेही ऐकला होता. खाटेवरून हळूच म्हणाली, "काय गो, विकतेस काय मला?"

"तुला कोण घेणार? घरी चल, पेज टाकते."