माझ्या तोंडून गेलेलं वाक्य

दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं. वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, तो ओरडला की आपणही ओरडायचं, त्याने हात उंचावला की आपलाही वर गेला पाहिजे. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून हिंदी मुलखातल्या आमच्या चर्चमध्ये हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मिरवायला आवडायचं. आईला इंग्रजी कळत नाही. पहिल्या बाकावर बसून ती माझं हिंदी ऐकायची आणि मधून मधून मागे वळून बघायची, लोक ऐकताहेत ना म्हणून.

यंदाच्या संजीवन सभेला दक्षिणेकडून इंग्रजीत बोलणारे एक प्रचारक आले होते. बोलता बोलता त्यांनी डोळे मिटले आणि आपल्याला दर्शन होतंय असं सांगितलं. मीही डोळे मिटले. "यहाँ एक बहन है, जो सुई के सहारे जी रही है," मी म्हणाले. "आज से सुई छोड़ दे. प्रभु ने तुझे चंगा किया." हे बोलतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण त्यांचं पुढचं वाक्य येऊन ठेपलं आणि मी त्याच्यामागे धावले.

प्रचारक जवळच्या भेडाघाटला नावेतून फिरले, संगमरवराचा एक क्रूस विकत घेतला आणि आपल्या गावी गेले. सभेनंतर चौथ्या दिवशी सकाळी आई तांब्यामागून तांब्या पाणी पिताना दिसली. रक्त तपासलं तर साखर चारशेच्या वर. फ्रिजमध्ये इन्सुलिनचं नवं पेन न उघडता तसंच पडलेलं.

"सोडलं मी ते," ती शांतपणे म्हणाली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, आत्ताच्या आत्ता इंजेक्शन द्या, संध्याकाळपर्यंत उतरली नाही तर भरती करा. आई पोटावरचा पदर बाजूला करेना.

मग घरात आवाजांचा नुसता बाजार भरला. आईच्या मोबाइलवर चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने बरं झाल्याच्या, साक्षी एकामागून एक वाजत होत्या. शेजारी राहणारी चर्चमधली बहीण प्रार्थनेला आली आणि जाताना बजावून गेली, "शक मत करना दीदी, शक से आशीष लौट जाती है." मी आमच्या पाद्रीसाहेबांना बोलावलं. ते म्हणाले, प्रार्थना करा आणि औषधही घ्या, दोन्ही देवाचंच आहे. त्यांची पाठ वळताच आई म्हणाली, "माणूस चांगला आहे, पण भित्रा." मी जाम चिडले. आणि मग मीच घाबरले. माझाच विश्वास कमी असला तर? मी जबरदस्तीने सुई टोचली आणि देवाच्याच कामात आडवी आले तर? स्वयंपाकघरात उभी राहून प्रार्थना करू लागले, पण डोक्यात चार जण एकदम बोलत होते आणि त्यातला देव कोणता ते मला कळेना.

फळावरून झाड ओळखावं, हे रविवारच्या शाळेत मीच मुलांना शिकवते. इथे फळ डोळ्यांसमोर होतं. ओठ कोरडे पडलेले, आणि बाथरूमपर्यंत भिंत धरून जाणारी माझी आई. ती परत येऊन पलंगावर बसली तेव्हा मी म्हणाले, "आई, त्या परक्या माणसाचं तू ऐकतेस आणि आपल्या डॉक्टरांचं नाही?"

"त्याचं मी कुठं ऐकलं? मला कळते का इंग्रजी? तू बोलून राहिली होती. तू काही खोटं बोलणार नाही."

एवढा वेळ मी खोटा आवाज घरभर शोधत होते.

"मला ते पटलं नव्हतं, आई," मी म्हणाले. "बोलतानाच वाटलं होतं, हे देवाचं नाही."

तिने मोबाइल बंद केला.

"मग बोलली काहून?"

"सगळे ऐकत होते. मधेच थांबले असते तर हसं झालं असतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने पदर बाजूला केला. "चलो, टोच आता," म्हणाली.

संध्याकाळी साखर उतरू लागली. आई आता रोज सुई घेते, मोबाइलवरच्या साक्षीही ऐकते. फक्त मी तिला काही सांगायला गेले, अगदी जेवणाआधीच्या गोळीचंसुद्धा, की ती हात थांबवते आणि विचारते, "हे तुला स्वतःला पटून राहिलं का?"